गच्चीवरचं बेल्जियम, मुक्काम मेहकर

बीअरच्या बाबतीत माझं नाक जरा वरच असतं, हे आधीच कबूल करून टाकतो. २००९ मध्ये पुण्यात डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि आम्हा पुणेकरांना ताज्या बीअरची चटक लागली. फॅक्टरीतली, बाटलीतली? सॉरी बॉस!

म्हणूनच परवा बुलडाणा जिल्ह्यात माझी पंचाईत झाली. लोणारच्या त्या जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद उल्काविवरात उतरून-चढून आम्ही घामाघूम होऊन मेहकरला मित्राच्या घरी पोचलो. आई-बाबा शेगावला दर्शनाला गेलेले. गच्चीवर मित्रानं बर्फाच्या डब्यातून दोन बाटल्या काढल्या. होगार्डन, गव्हाची बीअर! खास माझ्यासाठी संभाजीनगरहून आणलेली. मी "वा!" म्हणालो खरा, पण चेहऱ्यानं दगा दिला.

"काऊन बे? पुण्याची नाही म्हणून घशाखाली उतरत नाही का?"

स्टीलच्या पेल्यातून घोट घेतला. गारेगार; पण चव जवळजवळ शून्य. विषय बदलायला मी बीअरची जन्मकथा सुरू केली. होगार्डन हे बेल्जियममधलं गाव. तिथली शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली आणि गव्हाची ती गढूळ, पांढरट बीअरही संपली. मग १९६० च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं ती पुन्हा बनवली, धने आणि संत्र्याची साल घालून. १९८५ मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली. पुन्हा उभं राहायला मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला. आज हा ब्रँड एबी इनबेव या जगातल्या सर्वांत मोठ्या बीअर कंपनीकडे आहे.

"म्हणजे हा दूधवाला तुमच्या मायक्रोब्रुअरीवाल्यांचा आजाच की! आणि धने-संत्री तर आपल्या घरची!"

गप्पांत पेल्यातला बर्फाळपणा उतरला आणि अचानक धन्यांचा वास आला. मागोमाग संत्र्याच्या सालीचा. अति थंड बीअरची चव जिभेला कळत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवत फिरतो ना?

खरं सांगायचं तर पुण्यातल्या टॅपवरचा ताजेपणा आणि भरीवपणा हिच्यात नाही. चव हलकी, पटकन विरणारी. पण गरम भजी आणि ठेच्यासोबत? एकदम फिट!

मित्र पुण्यातली नोकरी सोडून वडिलांचं दुकान सांभाळायला परतला, त्याला दोन वर्षं झाली. टॅपवरची बीअर त्याच्या मागोमाग मेहकरला येऊ शकत नाही. बाटली येते. आणि ती आणायला तो माझ्यासाठी संभाजीनगरपर्यंत गेला होता.

दुसरा पेला मी मागून घेतला.

जाताय? लोणारला सकाळी लवकर उतरा. दुपारचं ऊन चढताना जीव काढतं. दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. बीअर फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा. आणि प्यायलात तर मुक्काम करा, स्टिअरिंगला हात नको!