जावळीच्या रानातला शिपाई ओळखायचा कसा?

पात्राच्याच डोळ्यांनी पुढचे जग पाहत, हातातली बंदूक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दिसत असताना खेळायचे जे संगणकी खेळ आहेत, त्यांतल्या शत्रुसैनिकांची रूपे ठरवणे हे माझे काम. बाहेरून पाहणाऱ्याला हे वेशभूषेचे काम वाटते. पागोटे कोणते, अंगरखा कसा, तलवारीची मूठ कशी, एवढे ठरले की शिपाई तयार. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. खेळणाऱ्याला समोरचा शिपाई कोण आहे हे कळण्याआधी तो पुढच्या क्षणी काय करणार आहे हे कळले पाहिजे, आणि ते त्याच्या कपड्यांवरून नव्हे, तर आकृतीवरून, उभे राहण्याच्या ढबीवरून आणि हालचालीवरून कळले पाहिजे. मराठी इतिहासावर असे खेळ करावेत ही इच्छा आता तरुण चित्रकारांमध्ये जोरात आहे. त्यांची रेखाटने पाहताना जाणवते ते हेच, की दागिन्यांचा आणि वस्त्रांचा अभ्यास उत्तम असतो, पण दहा शिपाई शेजारी उभे केले तर ते दहाही एकच वाटतात.

यामागे साधे गणित आहे. पडद्याची उंची १०८० बिंदूंची आणि उभा दृष्टिकोन ६० अंशांचा धरला, तर ५० मीटरवर उभा असलेला पावणेसहा फुटी माणूस पडद्यावर सुमारे ३३ बिंदू उंच दिसतो. १०० मीटरवर तोच १६ बिंदूंचा होतो. डोके म्हणजे उंचीचा सातवा-आठवा भाग, म्हणजे चार बिंदू किंवा दोन. स्वस्त मोबाइलवर चित्र ७२० बिंदूंत काढले जाते, तिथे यातलाही तिसरा भाग कमी होतो. पागोट्याचे पेच, शेल्याची किनार, म्यानावरचे नक्षीकाम हे सगळे या चार बिंदूंत नाहीसे होते. उरते ती बाह्याकृती, म्हणजे आमच्या धंद्यात ज्याला सिल्हूट म्हणतात ती. त्यातही डोळ्याची बारकावे टिपण्याची ताकद नजरेच्या मध्यावरच्या जेमतेम दोन अंशांपुरती असते. कडेला रंग आणि तपशील पुसट होत जातात, हालचाल मात्र कडेलाही पटकन टिपली जाते. खेळणाऱ्याची नजर बहुतेक वेळा नेमाच्या खुणेवर खिळलेली असते, त्यामुळे शत्रू पहिल्यांदा दिसतो तो जवळजवळ नेहमीच कडेने. म्हणून शिपायाची चाल ही त्याच्या अंगरख्यापेक्षा आधी ठरवायची गोष्ट आहे.

या प्रकारच्या खेळांचा इतिहास हेच सांगतो. १९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’मध्ये चित्र इतके ओबडधोबड होते की तपशिलाचा प्रश्नच नव्हता. साधा पहारेकरी तपकिरी गणवेशात, मशीनगनवाला निळ्या आणि अधिकारी पांढऱ्या. शिवाय खेळाडू दिसताच प्रत्येकाची आरोळी वेगळी. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘डूम’ने रंगाच्या पुढे पाऊल टाकले. तिथे धावत येऊन चावणारा दैत्य रुंद आणि ठेंगणा आहे, आगीचे गोळे फेकणारा उभट आणि काटेरी आहे. अंधुक उजेडातही गोंधळ होत नाही. पण या विषयाची सर्वांत नीट मांडणी झाली ती २००७ मध्ये, व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘टीम फोर्ट्रेस टू’मध्ये. तिच्या कलाकारांनी आणि अभियंत्यांनी त्याच वर्षी आपल्या पद्धतीवर शोधनिबंधही लिहिला. त्यांनी वाचनाचा क्रम ठरवला होता: हा आपला की परका, हे रंगावरून, नऊ प्रकारांपैकी कोणता, हे बाह्याकृतीवरून, आणि हातात काय आहे, हे छातीच्या उंचीवर एकवटलेल्या उजळपणावरून. पात्रांचे पाय गडद आणि छाती उजळ ठेवली, म्हणजे नजर आपोआप हत्याराकडे जाते. अंगलटीच इतक्या वेगळ्या, की नऊही पात्रे काळ्या शाईने भरली तरी ओळखू येतात. २००८ च्या ‘लेफ्ट फोर डेड’ने याला आवाजाची जोड दिली. प्रत्येक खास शत्रूचा आवाज निराळा, त्यामुळे तो भिंतीआड असतानाच त्याचा प्रकार कळतो.

हे सगळे परदेशातून आलेले ज्ञान आहे असे मानण्याचे कारण नाही. दूरवरचा प्रेक्षक, अपुरा उजेड आणि ओळख पटवायला मिळणारा थोडा वेळ, ही अडचण सांगलीने १८४३ मध्येच सोडवली होती. आदल्या वर्षी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला. तो पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आले. त्या परंपरेच्या नाटकमंडळ्यांत नटांची विभागणीच राजपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशी असे. राक्षसपार्टीतला नट दिवट्यांच्या उजेडात येई तो भरघोस दाढीमिशा लावून, तलवार परजत, पाय आपटत आणि मोठ्याने आरोळ्या देत. पुढे शिकलेल्या टीकाकारांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. मला ती टीका अपुरी वाटते. मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला नटाचा चेहरा दिसत नव्हता. त्याला ती आरोळी आणि ती चाल हवीच होती. पात्र प्रवेश करताच त्याच्याकडून काय अपेक्षित आहे हे कळावे, ही त्या रंगभूमीची शिस्त होती.

मात्र भाव्यांच्या रंगभूमीतून एक गोष्ट आपण उचलू नये, आणि इथेच मला वाईकडे वळायचे आहे. राक्षस हा जातीनेच राक्षस असतो. पुराणकथेत ते चालते, कारण तिथे कोण हेच कसे वागणार याचे उत्तर असते. इतिहासात तसे नसते. १६५९ चा प्रसंग घ्या. अफझलखान वाईचा सुभेदार राहिलेला होता. स्वारीवर आल्यावर त्याचा तळ वाईलाच पडला आणि तिथून रडतोंडीच्या घाटाने त्याची फौज जावळीत, पारच्या तळावर उतरली. १० नोव्हेंबरच्या भेटीनंतर त्या रानात जी लढाई झाली, ती खेळाच्या दृष्टीने विलक्षण आहे: दाट झाडी, अरुंद वाटा, अचानक हल्ला, थोड्या अंतरावरून होणारी गाठ. कोणीतरी हा खेळ करणार, आणि पहिला मोह होणार तो शत्रूला दाढीवर, टोपीवर, कातडीच्या रंगावर ओळखू देण्याचा. पण खानाच्या बाजूला उत्रवळीचे खंडोजी खोपडे होते, मंबाजी भोसले होते, आणि बोलणी करायला आला तो खानाचा वकील कृष्णाजी भास्कर. उलट शिवाजी महाराजांनी भेटीला बरोबर घेतलेल्या दहा जणांत सिद्दी इब्राहीम होता. म्हणजे धर्म किंवा वर्ण ही खूण धरून खेळणारा नेम धरू लागला, तर तो आपल्याच माणसावर गोळी झाडेल आणि शत्रूला सोडून देईल. ही नुसती सभ्यतेची बाब नाही. जी खूण खोटी माहिती देते ती रचना म्हणूनच नापास आहे, आणि ज्या मुलाच्या हाती हा खेळ जाईल त्याच्या मनातही ती खोटीच माहिती रुजवते.

मग खूण कशाची करायची? कामाची. त्या काळची कागदपत्रेच शिपायांना कामावरून नावे देतात: बर्कंदाज, तिरंदाज, भालाईत, आडहत्यारी. आणि या प्रत्येक कामाने माणसाच्या शरीराला स्वतःची आकृती दिलेली आहे. तोड्याची बंदूक लांबलचक असते. ती भरायला वेळ लागतो आणि भरताना माणूस एका जागी खिळून, नळी उभी धरून राहतो. आकृतीत एक लांब उभी रेघ दिसली की खेळणाऱ्याने समजावे, याला आत्ता गाठता येईल. तीच रेघ आडवी झाली की आडोसा घ्यावा. शिवाय पेटत्या जामगीचा लाल ठिपका रानातल्या सावलीतही दिसतो, म्हणजे इतिहासानेच इशाऱ्याचा दिवा बसवून ठेवला आहे. तिरंदाज ओळखू येतो तो मागे ओढलेल्या कोपरामुळे; ती त्रिकोणी आकृती दुसऱ्या कोणाचीच होत नाही. विट्याचा भाला दोरीला बांधलेला, फेकून परत ओढायचा. त्याचा मालक फेकण्याआधी अंग मागे झुकवतो. दांडपट्टा चालवणारा सतत फिरत असतो, त्याच्याभोवती पात्याचे वर्तुळ तयार होते आणि त्या वर्तुळाच्या बाहेर राहणे हाच त्याच्याशी लढण्याचा नियम. ढालतलवारवाला आकृतीत सर्वांत साधा, म्हणून तोच संख्येने जास्त असावा. आपला की परका एवढे सांगायला मग एक ठळक कापडी पट्टी पुरते. तो संकेत खेळापुरता आहे हे उघडपणे मान्य करावे, त्याला इतिहासाचा मुलामा देऊ नये.

प्रकार किती ठेवायचे, यालाही मर्यादा आहे. पर्याय वाढले की निर्णयाला लागणारा वेळ वाढतो, हे हिक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच प्रयोगांनी दाखवले होते. जावळीसाठी मी एका वेळी समोर पाचांहून जास्त प्रकार येऊ देणार नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप वास्तवाचा आहे. खरा सैनिक स्वतःला ओळखू देत नाही, मातीत आणि झाडीत मिसळतो. मग खेळातला शिपाई ठळक करणे खोटेपणा नाही का? आक्षेप खरा आहे, पण तो इतिहासाचा एकच तुकडा पाहतो. लपणारे रंग सैन्यांनी उशिरा स्वीकारले. खाकी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशावरकडच्या गाइड्स पलटणीपासून सुरू झाली आणि १९१४ मध्येही फ्रेंच पायदळ लाल विजारी घालूनच रणात उतरले होते. दारूच्या धुरात आपली पलटण ओळखता यावी हीच त्याआधीच्या गणवेशांची पहिली गरज होती. दुसरे असे, की प्रत्यक्ष रानात माणसाला दोन डोळ्यांनी खोली कळते, फांदी मोडल्याची दिशा कळते, शेजारचा गडी खांद्याला स्पर्श करून सावध करतो. पडदा यातले बरेचसे काढून घेतो. काढून घेतलेले दुसऱ्या रूपाने परत देणे हे वास्तवाशी इमान राखणेच आहे. लपणे हेच ज्याचे काम आहे, त्या शिपायाने खुशाल लपावे, मावळ्यांची तर ती खासियतच होती. पण हल्ल्याआधीच्या क्षणी त्याची आकृती पूर्ण उघडी झाली पाहिजे. ‘डूम’मधला जवळजवळ अदृश्य दैत्य पाहा: तो आरपार दिसतो, पण त्याचा रुंद आकार आणि गुरगुर त्याच्या दिसणाऱ्या भावंडासारखीच ठेवली आहे, त्यामुळे खेळणारा घाबरतो, पण फसवला जात नाही.

आणखी एक आक्षेप निष्णात खेळाडूंकडून येतो: ओळखणे सोपे केले की खेळ सोपा होतो. तसे होत नाही. बुद्धिबळात घोडा आणि उंट लांबूनही वेगळे दिसतात म्हणून बुद्धिबळ सोपे झालेले नाही. अवघडपणा निर्णयात असावा, दिसण्यात नव्हे. दिसण्यात अवघडपणा ठेवला तर तो सर्वांवर सारखा पडतही नाही. ज्याच्याकडे मोठा पडदा आणि चांगले यंत्र आहे त्याला कमी त्रास होतो, आणि ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याला सर्वांत जास्त. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलरंट’ने शत्रूभोवतीची लाल कड पिवळी किंवा जांभळी करण्याची सोय दिली, ती याच कारणाने. माझ्या मते ही सोय उपकार म्हणून नव्हे, पाया म्हणून असायला हवी, आणि रंग काढून टाकल्यावरही खेळ खेळता यायला हवा.

या शिस्तीला खरा धोका आहे तो पैशाच्या बाजूने. मोबाइलवरचे बहुतेक नेमबाजीचे खेळ फुकट मिळतात आणि त्यांची कमाई पोशाख विकून होते. ‘टीम फोर्ट्रेस टू’नेही पुढे टोप्या विकायला काढल्या आणि ज्या आकृत्या इतक्या कष्टाने घडवल्या होत्या त्यांवरच वाटेल ते चढू लागले. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये २०१९ साली निरनिराळ्या रूपांचे सैनिक विक्रीला आल्यावर, समोरचा आपला की परका हेच कळत नाही अशी तक्रार झाली. पुण्यातही आता हे खेळ घडतात. सुपरगेमिंगचा ‘मास्कगन’ आणि २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ तिथलेच. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारातला आहे. पोशाख विकू नयेत असे मी म्हणत नाही, कारण त्यावरच चित्रकारांची घरे चालतात. विक्रीचा पोशाख मूळ आकृतीच्या कडेबाहेर जाऊ नये, त्याने हत्यार झाकू नये आणि चाल बदलू नये, एवढा नियम करारातच लिहावा. आत काय विणायचे ते विणा. पैठणी विणा, हिमरू विणा.

जावळीचा खेळ जो कोणी करील, त्याने कपडेपटाकडे वळण्याआधी पाचही शिपाई काळ्या रंगाने भरावेत, ३० बिंदूंएवढे लहान करावेत आणि खेळ कधीही न पाहिलेल्या माणसाला अर्धा सेकंद दाखवून विचारावे, हा आता काय करील? ‘कोण आहे’ असे विचारू नये. दोघांत गोंधळ झाला तर आधी उभे राहण्याची ढब बदलावी, तरी भागले नाही तर हत्यार धरण्याची पद्धत, मग डोईवरच्या वस्त्राचा आकार, आणि रंगाला हात लावायचा तो अगदी शेवटी.