सिंदखेडराजा : लखुजीरावांच्या समाधीपाशी

अकोल्याहून सकाळीच निघालो. पातूरचा घाट चढून मालेगावमार्गे मेहकरला पोचलो, शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं आणि बीबी, दुसरबीड मागे टाकत दुपारी सिंदखेडराजा गाठलं.

वऱ्हाडातला माणूस इथे येतो तो जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकायला. १२ जानेवारीला तर राजवाड्यापुढे पाय ठेवायला जागा नसते. मीही आधी तिथेच गेलो. पण ओढ होती ती जिजाऊंच्या वडिलांच्या, लखुजीराव जाधवांच्या समाधीची.

दगड, वीट आणि चुन्याची ही चौरस, घुमटाची वास्तू देवळासारखी भव्य आहे. फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोने मेदिची घराण्यातल्या सरदारांच्या थडग्यांसाठी संगमरवरी पुतळे घडवले. इथे ना संगमरवर, ना पुतळा; इथे एक अख्खं घर विसावलं आहे. लखुजीरावांसोबत दत्ताजी, अचलोजी, राघोजी ही मुलं आणि नातू यशवंतराव.

दत्ताजी आधी गेले. खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला, त्या गोंधळात जाधव आणि भोसले, म्हणजे जिजाऊंचं माहेर आणि सासर, एकमेकांवर तुटून पडले. बाकीच्यांचा घात दरबारात झाला. लखुजीराव निजामशाहीचे मातब्बर सरदार. मध्यंतरी ते मोगलांकडे गेले, पुन्हा परतले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादला निजामशहाच्या मुजऱ्याला गेले असताना दोन मुलं आणि नातवासह त्यांना कापून काढलं. त्यानंतर जिजाऊंचे पती शहाजीराजे यांनी निजामशाही सोडली. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सातच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवराय जन्मले. परक्याच्या चाकरीत मराठा सरदाराच्या जिवाची किंमत काय, हे जिजाऊंना माहेरच्या रक्ताने कळलं होतं. समाधीसमोर उभं राहिल्यावर स्वराज्याची निकड मला जशी जाणवली, तशी कोणत्याही पुस्तकातून जाणवली नव्हती.

२०२४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने समाधीच्या जतनाचं काम हाती घेतलं, तेव्हा आवारातच जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची देखणी मूर्ती सापडली. जाधवांच्याही आधीचं गाव या मातीखाली आहे.

सिंदखेडराजाला जाल तेव्हा राजवाडा पाहून लगेच गाडी वळवू नका. अर्धा तास या समाधीला द्या, मुलांना सोबत न्या आणि त्यांना १६२९ सालची ही हकीकत तिथेच सांगा.