चुकलेला ठेका

धूम्रपान हें आमचें व्यसन आहे, असें आम्हांला कधींच वाटलें नाहीं. तो आमच्या चित्ताचा आधार आहे, अशीच आमची समजूत होती. लेख अडला, कीं आम्ही सिगारेट शिलगावीत असूं. पहिल्या झुरक्यासरशीं जीव थाऱ्यावर येई. फुप्फुसांची भीति पुष्कळांनीं घातली होती. हृदयाविषयीं मात्र आम्ही निःशंक होतों.

एके रात्रीं अंथरुणावर पडलों असतां नवशिक्या तबलजीनें ठेका धरावा तसे छातींत ठोके पडूं लागले. दोन घाईघाईचे, एक गाळलेला, मग पुन्हां चार एकदम. "अहो, झोंप येत नाहीं का?" घरांतून प्रश्न आला. "कांहीं नाहीं," असें म्हणून आम्हीं उशाशीं हात घातला तो सिगारेटच्या पाकिटासाठींच!

सकाळीं डॉक्टरांनीं नाडी पाहिली व हृदयाचा विद्युत्-आलेख काढला. या आलेखाच्या शोधाबद्दल लायडनच्या आइंटहोव्हेन यांस १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या वांट्यास मात्र त्यांतून उपदेश आला.

"आपण ज्याला आधार म्हणतां, तो चाबूक आहे," डॉक्टर म्हणाले. निकोटिनामुळें रक्तांत अॅड्रिनलीन वाढतें व हृदय धांवूं लागतें. त्याच वेळीं धुरांतील कार्बन मोनॉक्साइड रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. वर्षानुवर्षें असें चाललें, कीं हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंतींत व्रण पडतात, विजेच्या संदेशाची वाट चुकते आणि ते कप्पे आकुंचन पावण्याऐवजीं नुसते थरथरतात. तेथें रक्त सांचून गुठळी होते. ती मेंदूंत गेली, तर पक्षाघात!

"मग विडीवर उतरूं का?" आम्हीं तडजोड सुचविली.

"विडीच्या धुरांतहि हींच दोन द्रव्यें आहेत."

"पण त्या झुरक्यानें मिळणारें स्वास्थ्य?"

"मागच्या सिगारेटनें लावलेली तळमळ पुढची सिगारेट शमविते, इतकेंच!"

इतक्या वर्षांत आमच्या युक्तिवादाला असें निरुत्तर कोणीं केलें नव्हतें. औषधानें ठेका पुन्हां जुळला. तो कायमचा जुळला, असें आश्वासन डॉक्टरांनीं दिलें नाहीं. सिगारेट सोडल्यानें धोका कमी होत जातो, एवढें मात्र त्यांनीं निक्षून सांगितलें. तेव्हां ती सोडली.

आतां लेख अडला, कीं आम्ही मनगटावर बोटें ठेवून ठोके मोजतों. हा लेखहि दोनदां अडला होता.