‘कुणीही’ म्हणजे काय?

ईदच्या तिसऱ्या दिवशी खाला तळवलीला आमच्याकडे आल्या. सोबत माझी खालाजाद बहीण. शीरखुर्मा झाल्यावर खालांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, “तू बी.एड. केलंयस, पोरांना समजावतेस. हिलाही समजाव. आलेलं प्रत्येक स्थळ नाकारते.”

आम्ही दोघी गच्चीवर गेलो. ती म्हणाली, “आपा, मी पॅनसेक्शुअल आहे.”

समलैंगिकता हा शब्द मला ठाऊक होता. इस्मत चुगताईंची १९४२ची ‘लिहाफ’ आणि तिच्यावर लाहोरला चाललेला खटला, दोन्ही मी बी.ए.ला वाचलं होतं. हा शब्द मात्र नवा होता. तिनंच सांगितलं, ‘पॅन’ म्हणजे ग्रीक भाषेत ‘सर्व’. समोरची व्यक्ती पुरुष आहे, स्त्री आहे की तृतीयपंथी, यावर तिचं मन जडणं अवलंबून नसतं.

मला हायसं वाटलं. म्हटलं, “मग अडचण काय? मुलगाही चालतो ना? कर निकाह!”

“आपा, तुला पुरुषच आवडतात. म्हणून अम्मीनं आणलेला कुणीही पुरुष तुला चालला असता का?”

मी गप्प झाले. निकाहाआधी मी दोन स्थळं नाकारली होती. कारण एवढंच, की मन होत नव्हतं. तेव्हा घरचे मला चोखंदळ म्हणाले होते. तिच्या नकाराला मात्र ते आजार म्हणत होते.

खाली आलो तर खालांनी डॉक्टरचा विषय काढला. मी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानं सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. कल बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये ठरवलं.

“आणि दीन?” खालांनी विचारलं.

तो प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, हे मी कबूल केलं. एवढंच म्हटलं, “खाला, निकाहाच्या वेळी मुलीला ‘कबूल है?’ विचारतात. ते विचारायचं असेल, तर तिचं ‘नाही’ही ऐकावं लागेल.”

खाला नाराज होऊनच घणसोली स्टेशनाकडे निघाल्या. पुढच्या आठवड्यात येणाऱ्या पाहुण्यांना त्यांनी अजून नाही कळवलेलं नाही. बहिणीनं मला हे लिहू दिलं, नाव न घालण्याच्या अटीवर.