नावाच्या चिठ्ठ्या

माझं अक्षर बरं आहे. शाळेत सुविचाराचा फळा लिहायचा असो, मोहल्ल्यातल्या कुणाच्या शादीचा फलक असो की मशिदीच्या दारावर रमजानचं वेळापत्रक लावायचं असो, "सरांना सांगा, सर लिहून देतील" हे ठरलेलं. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहितो, त्यामुळे काम दुप्पट. म्हणून गेल्या जानेवारीत आमच्या शाळेच्या काही माजी विद्यार्थिनी घरी आल्या तेव्हा माझ्या वाट्याला काय येणार, हे मला दारातच कळलं.

मुलींना प्रदर्शन भरवायचं होतं. जुन्या नाशकातल्या आमच्याच मोहल्ल्याच्या शादीखान्यात, दोन दिवस. आपल्या आया, खाला, दादी-नानी यांनी हाताने केलेल्या वस्तू मांडायच्या. अट एकच. वस्तू सुंदर नसली तरी चालेल, पण तिच्यात एखादी आठवण असावी.

या कल्पनेत माझा थोडा हात होता. मी वर्गात त्यांना झरीनाबद्दल सांगितलं होतं. १९३७ साली अलीगढमध्ये जन्मलेली ही चित्रकार. वडील विद्यापीठात इतिहास शिकवायचे. पुढे आईवडील आणि बहीण पाकिस्तानात गेले, आणि झरीना जगभर फिरत राहिली. १९९९ साली तिने लाकडाच्या ठशांवरून छापलेली ३६ चित्रं केली. प्रत्येक चित्राखाली घराशी नातं सांगणारा एकेक उर्दू शब्द आहे, सुलेखनकाराकडून लिहून घेतलेला. मी मुलींना तसे शब्द लिहायला सांगितलं होतं. घर, आंगन, चौखट, दीवार असे शब्द त्यांनी भराभर लिहिले आणि मग एकेक जण गप्प झाली, कारण प्रत्येकीला वेगळं घर दिसत होतं. झरीनाची बहीण रानी हिने तिला लिहिलेली आणि कधी न पाठवलेली पत्रं होती. आईवडिलांचा मृत्यू, घर विकणं, असं सगळं त्यांत होतं. ती हाती आल्यावर झरीनाने त्या हस्ताक्षरावरच चित्रं रचली. २०११ साली व्हेनिसच्या बिएनालेत भारताचं पहिलं राष्ट्रीय दालन उघडलं, त्यात तिचं काम होतं. २०२० साली ती गेली. लग्नानंतरचं हाश्मी हे आडनाव तिच्या नावापुढे लोक लावतात, पण कलाकार म्हणून ती स्वतःला नुसतं 'झरीना' म्हणवून घ्यायची. वर्गातल्या मुलींना सगळ्यात जास्त हेच आवडलं होतं.

"पण सर," त्यांच्यातलीच एक म्हणाली, "आमच्या घरातली जुनी कापडं बघायला कोण येणार?"

मी तिला धारावीचं उदाहरण दिलं. २०१५ साली स्नेहा या संस्थेने धारावीतच बिएनाले भरवलं होतं. कलाकारांच्या सोबतीने वस्तीतल्या लोकांनी केलेली कामं वस्तीतच मांडली. त्यात बायकांनी कापडावर धारावीचा नकाशा शिवला होता आणि बायकांवर कुठे कुठे हिंसा होते ते त्यावर दाखवलं होतं. पोलीस ठाण्यात जे बोलता येत नाही ते सुईदोऱ्याने सांगता येतं. मुलींना पटलं.

वस्तू जमू लागल्या. कुराण शरीफसाठी शिवलेले जुजदान आले, क्रोशाचे रुमाल आले, शेवटच्या धाग्यापर्यंत विरलेला एक दस्तरखान आला. एका बाईंनी कापड आणलंच नाही. त्यांनी पेन्सिलीने वहीच्या दोन पानांवर काझीगढीवरच्या आपल्या नानीच्या घराचा नकाशा काढून आणला. ते घर आता नाही. काझीगढीचा कडा पावसाळ्यात खचतो, दरवर्षी तिथल्या लोकांना घरं सोडायच्या सूचना मिळतात, हे नाशिककरांना माहीत आहे. त्या नकाशात चूल होती, पाण्याचा रांजण होता आणि एका कोपऱ्यात बाण दाखवून लिहिलं होतं, "इथून नदी दिसायची."

मी चिठ्ठ्या लिहायला बसलो. जाड पांढरा कागद, पोस्टकार्डाएवढा. उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी, दोन्ही लिप्या मधोमध येऊन थांबतील असा बेत. वस्तू काय, केव्हाची, आठवण काय आणि करणारीचं नाव. पहिली तीन उत्तरं सहज मिळत. चौथ्यापाशी गाडी अडे.

"नाव काय लिहू, आपा?"

"लिहा ना, अमकीची अम्मी."

"तुमचं नाव सांगा."

"मला कोण ओळखतं? यांचं नाव लिहा, म्हणजे लोकांना कळेल."

मी मास्तरच, त्यामुळे व्याख्यान दिलं. जात्यावरच्या ओव्या सांगितल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलं. नाही तर आपण एका शब्दात मोकळे होतो, 'पारंपरिक'. म्हणजे कुणाचंच नाही. या गोष्टीचा परिणाम झाला. एकेक जण लाजत नाव सांगू लागली. सत्तरीतल्या एका बाईंना स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारताना हसू आवरेना.

मग मी माझ्या घरच्या वस्तूची चिठ्ठी लिहिली.

आमच्याकडे अम्मीची एक गोधडी आहे. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला. आम्ही नाशिकचे लोक पूर फुटांत मोजत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कमरेशी आला, छातीशी आला, नारोशंकराच्या घंटेपाशी गेला, असं मोजतो. त्या वेळी आमचं घर नदीच्या अंगाला, उताराच्या गल्लीत होतं. खालच्या खोलीतली पेटी पाण्यात गेली आणि तिच्याबरोबर घरातले सगळे फोटो. अब्बांनी रेशनकार्ड आणि घराचे कागद खिशात घातले होते, ते वाचले. गोधडी माळ्यावर होती, म्हणून तीही वाचली. आठ वर्षांनी अब्बा गेले. तेव्हापासून ती गोधडी माझ्या लेखी घरचा अल्बमच होती.

त्यातला प्रत्येक तुकडा मला पाठ होता. दादीचं हिरवं लुगडं, फुफीच्या लग्नातली झालर, माझा झबला. आणि वरच्या बाजूला, उशाकडे, एक जाड खाकी चौकोन. त्यावर हाताच्या पंज्याएवढा काळपट डाग. अब्बा गॅरेजमध्ये काम करायचे. तो चौकोन त्यांच्या शर्टाचा आणि डाग ऑइलचा. ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल, 'श्रमाची प्रतिष्ठा' या विषयावर निबंध घेताना तर हमखास.

चिठ्ठीवर मी झोकदार नस्तालिकमध्ये लिहिलं आणि समोर मराठीत: "अब्बांच्या कष्टाची आठवण. गॅरेजच्या शर्टाचा तुकडा, ऑइलच्या डागासह. शिवणार: माझी अम्मी."

इतरांना ओव्यांचं व्याख्यान देणाऱ्या माणसाने हे लिहिलं. त्या वेळी खटकलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी दुपारी अम्मी आली. नातीचा हात धरून एकेक वस्तू बघत ती गोधडीपाशी थांबली. मी लांबून बघत होतो. तिने चष्मा वर केला आणि चिठ्ठीवरून बोट फिरवायला लागली. डावीकडून उजवीकडे. ओठ हलत होते. मला वाटलं, काही तरी पढतेय.

मी जवळ गेलो तर म्हणाली, "ये तेरे अब्बा के शर्ट का नइं है."

"कुणी सांगितलं तुला, काय लिहिलंय ते?" मी विचारलं.

"लिखा है ना," ती म्हणाली. "मेरे बस्ते का है ये."

मला आधी कळलंच नाही. मग तिने उभ्या उभ्या सांगितलं. तिचं माहेर लासलगावजवळच्या एका खेड्यातलं. गावात चौथीपर्यंत मराठी शाळा. तिच्या अम्माने जुन्या खाकी कापडाचं दप्तर शिवून दिलं होतं. चौथीत असताना त्यात दौत सांडली, त्याचा तो डाग. शाईचा. पाचवी लासलगावला, चालत जावं लागे. तिचे दोन्ही भाऊ गेले. ती घरी राहिली. दप्तर तिने लग्नानंतर पेटीतून इथे आणलं आणि माझ्या जन्माच्या वेळी गोधडी शिवायला घेतली तेव्हा उसवून त्यात घातलं.

"उशाकडेच का लावलंस?" मी विचारलं.

"इल्म की चीज पाँव में कैसी लगाती?"

साठ वर्षं जुना शाईचा डाग मी ऑइलचा समजत होतो, आणि मी शिक्षक आहे.

मला बँकेतली सकाळ आठवली. अब्बा गेल्यावर खातं तिच्या नावावर करायचं होतं. फॉर्म मी भरला. सहीच्या चौकटीपाशी आल्यावर समोरच्या माणसाने काही विचारलंही नव्हतं. टेबलावरचं निळं स्टॅम्प पॅड मीच तिच्यापुढे सरकवलं, तिचा अंगठा मीच धरला आणि कागदावर मीच दाबला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं होतं. मला वाटलं होतं, अब्बांची आठवण आली असेल. घरी येऊन तिने अंगठा साबणाने दोनदा धुतला, तेही मी बघितलं होतं.

"तू सांगितलं का नाहीस, तुला लिहिता येतं म्हणून?"

ती रागावली नाही. साधं सांगितल्यासारखं म्हणाली, "तूने कब्बी पूछाच नइं."

खरंच नव्हतं विचारलं. आमच्या घरात शिक्षण म्हणजे उर्दू, आणि ती अरबी कुराण वाचते एवढंच आम्हाला माहीत. सासरी मराठी लिहायचं कामच पडलं नाही, आणि ज्याचं काम नाही ते तिला येत नाही असं आम्ही धरून चाललो. मुसलमानांना मराठी येत नाही म्हणणाऱ्या लोकांवर मी लेख लिहिले आहेत. मराठी शाळेत शिकलेली मुसलमान बाई माझ्याच घरात मला रोज चहा देत होती.

मी चिठ्ठी काढली, कोरा कागद घेतला आणि विचारलं, "आता काय लिहू?" ती काहीच बोलली नाही. मग मला सुचलं आणि मी पेन तिच्या हातात दिलं.

तिने आधी वरची रेघ मारली. पूर्वी तसंच शिकवत, रेघ आधी, मग तिला अक्षरं लटकवायची. बराच वेळ लागला. एका अक्षरापाशी थांबली, मान तिरकी करून विचार केला आणि बरोबर काढलं. मी मधे बोललो नाही, ही त्या दिवसातली माझी एकमेव चांगली गोष्ट. तिने आपलं नाव लिहिलं. नवऱ्याचं नाही, माझं नाही. खाली गावाचं नाव. आणि त्याखाली, वहीच्या पुठ्ठ्यावर मुलं लिहितात तसं, "इयत्ता ४ थी".

उर्दूची बाजू कोरी राहिली. तशीच लावली.

दोन दिवसांत बरीच माणसं येऊन गेली. शेजारच्या आळीतल्या हिंदू बायका आल्या, गोधडीपाशी रेंगाळल्या, टाके मोजून गेल्या. त्यातली एक अम्मीला म्हणाली, "आमच्या आईचंही चौथीतच सुटलं." दोघी मग खुर्च्या ओढून बसल्या. प्रदर्शन संपल्यावर बायकांनी आपापल्या वस्तू परत नेल्या आणि बहुतेकींनी चिठ्ठ्याही मागून नेल्या. अम्मीचं नाव मी इथे लिहीत नाही. मी विचारलं होतं. "शादीखाने में लगा था, बस है," म्हणाली. आता विचारायचं ठरवलं आहे, तर उत्तर मानायलाही हवं.

आठवणी जपल्या पाहिजेत, असं आपण फार बोलतो. मीही अब्बांची आठवण जपतच होतो, अगदी मनापासून. पण ती जपताना अम्मीची आठवण तिच्याच गोधडीत पुसून टाकली होती, आणि वर सुंदर अक्षरात खोटी चिठ्ठी लावली होती. आपल्या घरातल्या बायकांनी केलेल्या वस्तूंना आपण अर्थ लावून टाकतो, आणि त्या समोर बसलेल्या असतात.

मार्चमध्ये आम्ही बँकेत पुन्हा गेलो. अंगठ्याऐवजी सही करण्याचा अर्ज दिला. सही जुळावी म्हणून ती आठ दिवस माझ्या मुलीच्या रफ वहीत सराव करत होती.

त्यानंतर एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "पाँचवी में क्या पढ़ाते?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना पाचवीचं मराठीचं पुस्तक घेऊन आलो. ते तिच्या उशाशी असतं. कुठल्या धड्यावर आहे ते मी विचारतो, आणि ती सांगते.