त्रिकोणाची घाई

दिवाळीनंतरच्या एका सायंकाळी साठी ओलांडलेल्या एक आजी नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलगा-सून पुण्याला नोकरीत. साडेतीन वर्षांचा नातू धाराशिवला आजीच्या हवाली. पिशवीतून त्यांनी वही काढली. बालवर्गातून त्रिकोण गिरवायला दिले होते. पानभर नुसती वेटोळी उमटली होती. "डॉक्टरसाहेब, लेकरू मंद तर न्हाई ना?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले. मुलगा रोज फोनवर वहीची चौकशी करी, आणि रोज रात्री घरात रडारड होई. तपासले तेव्हा रक्तदाब वाढला होता तो आजींचाच.

वाचकहो, अशी वही आपल्याही घरी येत असेल. मी त्या मुलाला वर्तुळ काढून दाखवले. त्याने ओबडधोबड, पण तोंड जुळलेले वर्तुळ काढले. त्या वयात एवढे पुरे आहे. पाहून वर्तुळ काढणे साधारण तिसऱ्या वर्षी जमते, अधिकचे चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौरस साडेचारच्या सुमारास आणि त्रिकोण पाचव्या वर्षी. तिरपी रेघ हाताला उशिरा वळते. शंकरपाळीचा आकार तर सहा-सात वर्षांपर्यंत रुसून बसतो. काही महिन्यांचे मागेपुढे चालायचेच. मात्र चार वर्षे उलटूनही वर्तुळ जमत नसेल, मूल वस्तू डोळ्यांजवळ नेऊन पाहत असेल किंवा आधी येत असलेले विसरत असेल, तर तपासणी लांबवू नये.

आकार काढण्याआधी ओळखता येतात, आणि ओळखायला शिकवण्याची एक जुनी रीत आहे. ती सेग्याँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांची. पुढे माँटेसरीबाईंनी ती उचलली, आणि त्याही डॉक्टरच. आधी वस्तू हाती देऊन नाव सांगावे: हे वर्तुळ. मग अनेक वस्तूंतून वर्तुळ दाखवायला सांगावे. "हे काय?" हा प्रश्न सर्वांत शेवटी. आपण आजी-आजोबा नेमके त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो, आणि तेही पाहुण्यांसमोर!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा महागड्या लाकडी साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया वापरल्या. आपल्या घरात तर त्याहून जास्त आहे. ताटाच्या काठावरून बोट फिरवू द्यावे. पाटाचे कोपरे चाचपून मोजू द्यावेत. रुमालाची त्रिकोणी घडी घालून ती उलटी ठेवावी. टोक खाली गेले की तो त्रिकोण नाहीच, असे मुले ठासून सांगतात. तेथे वाद घालू नये, घडी पुन्हा फिरवावी. फक्त तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बिया, मणी देऊ नयेत, घशात अडकतात.

हे सांगणारा मी स्वतः काही शहाणा नव्हतो. माझी मुलगी तीन वर्षांची असताना मीही तिला पाटीवर त्रिकोण गिरवायला बसवले होते. दोन दिवस रडणे ऐकल्यावर आईने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "तुला तरी या वयात येत होता का रे?" एवढेच विचारून तिने नातीला पोळपाटापाशी नेले आणि कणकेचा गोळा दिला. वैद्यकाची पुस्तके मी वाचली होती, आईने नाही.

आजींना मी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि वही महिनाभर कपाटात ठेवायला सांगितली. पुण्याला फोन मीच केला. मुलगा आधी नाराज झाला, मग गप्प राहिला.

येळवशीनंतर आजी तपासणीला आल्या. शेतात कडब्याची कोप उभारली होती. आंबील-भज्जीचे जेवण होईपर्यंत नातू कोपीच्या तोंडाशी बसून कडांवरून हात फिरवत होता. एक कोपरा वर, दोन खाली, असे त्याने स्वतःच मोजले. घरी आल्यावर रुमालाची घडी पाहून म्हणाला, "कोप!"

रक्तदाब उतरला होता. वहीतला त्रिकोण मात्र अजून आला नव्हता.