घोट्याजवळची नाडी

१. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणीत वखारींच्या बाजूने गेलं की तंबाखूचा खकाणा नाकात शिरतो. गावच्या माणसाला तो जाणवतही नाही.

२. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की सुटतो, तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येतो. लोक वयावर ढकलतात, वात म्हणून तेल चोळतात. 'तेवढंच अंतर' ही खूण डॉक्टरला आवर्जून सांगावी. पायाची धमनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते, आणि तंबाखू ओढणं हे त्याचं एक कारण.

३. हे तपासायचं गणित सोपं: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. उत्तर ०.९ च्या खाली आलं की पुढची तपासणी. हे मोजायला रक्ताचा प्रवाह ऐकवणारा, हातात मावणारा डॉपलर पुरतो. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र याच जातीचं, प्रोब तेवढा वेगळा.

४. १६ जानेवारी १९६४, पोर्टलंड, अमेरिका. ८२ वर्षांची बाई पाय कापू द्यायला तयार नव्हती. डॉ. चार्ल्स डॉटर यांनी मांडीच्या धमनीतून नळ्या सरकवून वाट मोठी केली. पाय वाचला. श्रेय त्या बाईच्या हट्टालाही आहे. नळीवरचा फुगा आत फुगवून धमनी रुंदावण्याची सुधारित पद्धत डॉ. ग्रुंट्झिग यांनी १९७४ मध्ये आणली.

५. फुगा फुगला की धमनीच्या भिंतीवरचा थर चिरतो. कण, गुठळीचे तुकडे सुटून पावलाकडे वाहतात. गुडघ्यामागे डॉपलरचा प्रोब धरला तर ते ऐकू येतात. रक्ताचा आवाज ठोक्यागणिक सळसळतो, त्यात मध्येच 'चिव्' होतं. तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची. कण तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, म्हणून ध्वनी जोरात परततो. मेंदूकडे जाणारे कण मोजण्यासाठी तज्ज्ञांनी १९९५ मध्ये कसोटी ठरवली: आवाज ३०० मिलिसेकंदांहून छोटा, भोवतालच्या आवाजाहून किमान ३ डेसिबल मोठा, एकाच दिशेचा. पायालाही तीच लावतात.

६. पायाच्या धमन्या मोकळ्या करताना असं ऐकलं गेलं, तेव्हा चिवचिव जवळपास नेहमीची निघाली. बहुतेकांच्या पायाला त्याने काही होत नाही. पण ज्याच्या गुडघ्याखाली तीनपैकी एकच धमनी चालू आहे, त्याला एक मोठा तुकडा पुरेसा. तुकडे अडवायला धमनीत जाळीची गाळणी लावायची ती अशांसाठी.

७. धमनी चित्रात दिसावी म्हणून डाय टोचला तरी चिवचिव होते, बुडबुड्यांची. कण की बुडबुडा, हे यंत्राला खात्रीने सांगता येत नाही. केव्हा काय टोचलं, ते शेजारी लिहून ठेवावं लागतं.

८. डॉ. लिओ बर्गर, न्यूयॉर्क, १९०८. त्यांनी वर्णन केलेला, त्यांच्याच नावाचा आजार तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांची बोटं काळी पाडतो. आपल्याकडे विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत तो दिसतो. तिथे फुग्याचा आधार थोडा. तंबाखू पूर्ण सुटली तरच पाय वाचण्याची आशा. दिवसाला एक विडीही चालत नाही.

९. हीच तंबाखू निपाणीचं पोटही भरते. १९८१. तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींबरोबर शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. मागणी रास्त होती.

१०. सुपात तंबाखू घेऊन बाया विड्या वळतात. बोटं चालतात, पाय दिवसभर मुडपलेले.

११. पाय अचानक गार, पांढरा पडला आणि ठणकू लागला तर हातात साधारण ६ तास. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकाची योजना वेगळी. कुठल्या योजनेचं कार्ड कुठे चालतं, हे घरात आधीच माहीत असायला हवं.

१२. काही धडधाकट माणसांच्याही पावलावरची नाडी हाताला लागत नाही. मग घोट्याच्या आतल्या हाडामागे बोट ठेवून पाहायचं. दोन्ही पायांना.